थेरपिस्ट आणि कोच एकमेकांशी बोलतात का? (मोठेपणी कळलेला एडीएचडी / ऑटिझम)

रानजाई (पुणे)

नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

मी ३९ वर्षांची. छत्तिसाव्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, काम सुरू करून तडीस नेणं अवघड जातं ते) निदान झालं. लेकीच्या बाईंनी तिची तपासणी करून घ्या म्हणून सुचवलं होतं. तिच्यासाठीची प्रश्नावली भरताना दर ओळीला मला माझीच शाळा दिसत होती. तिच्या मागोमाग मीही तपासून घेतलं. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली, आठवड्याला एक थेरपीचं सेशन सुरू झालं आणि वर्षभराने मैत्रिणीच्या सांगण्यावरून एडीएचडीवर काम करणारी, म्हणजे रोजची कामं पार पाडायला मदत करणारी, एक कोचही घेतली.

आता मूळ अडचण. आमच्या कपाटाच्या तळाच्या खणात साडीच्या दुकानाची एक मोठी पिशवी आहे. तिच्यात पाकिटं आहेत, न उघडलेली. बँकेची, विम्याची, सोसायटीची, आयकराची. पत्त्याची ती प्लॅस्टिकची खिडकी दिसली की माझा हात आपोआप मागे येतो.

थेरपीत आम्ही या पाकिटांवर बरंच बोललो. लहानपणी बाबा प्रगतिपुस्तक वाचताना मला समोर उभं करायचे आणि शेवटच्या ओळीपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत, तिथवर पोचलो. खूप रडले, हलकं वाटलं. पाकिटं मात्र खणातच राहिली. कोचने तक्ता आखून दिला. दर शनिवारी तीन पाकिटं उघडायची आणि झालं की हिरवी खूण करायची. पहिले दोन शनिवार जमलं. तिसऱ्या शनिवारी पहिल्याच पाकिटात हप्ता न भरल्यामुळे पॉलिसी बंद पडल्याचं पत्र निघालं. पुढे हात चालेना. संध्याकाळी कोचला मेसेज केला, "तीन झाली." खोटं होतं ते. मग पुढच्या दोन भेटी बरं नाही म्हणून टाळल्या. थेरपिस्टला हे सगळं दीड महिन्याने कळलं, तेही बोलण्याच्या ओघात.

दोघी मनापासून काम करतात, पण एकमेकींना ओळखत नाहीत. एकीकडचं दुसरीकडे पोचवणारी मी एकटी, आणि निरोप डोक्यात धरून ठेवणं हीच तर माझी मुळातली अडचण आहे. कोणी आपल्या थेरपिस्टला आणि कोचला एकत्र बसवलं आहे का? कसं? काय सांगायचं, काय नाही, हे कोणी ठरवलं?

---

पाऊलवाट

रानजाई, पिशवीचं वाचून थांबलो थोडा वेळ. माझ्याकडे पिशवी नाही, न वाचलेले ईमेल आहेत.

मी ३४, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. २०२२ साली ऑटिझमचं (लोकांशी बोलणं-वागणं वेगळ्या रीतीने होतं ते) निदान झालं. कंपनीतर्फे एक कोच मिळाला होता. त्याचा भर होता लोकांशी वागण्यावर. बोलताना नजरेला नजर दे, मीटिंगच्या आधी दोन वाक्यं हवापाण्याची बोल, जेवताना एकटा बसू नकोस. मी प्रामाणिकपणे सराव करत होतो, आरशासमोरसुद्धा. त्याच काळात थेरपीत नेमकं उलटं चाललं होतं. जन्मभर चढवलेला मुखवटा कुठे कुठे उतरवता येईल, कोणापुढे उतरवणं सुरक्षित आहे, हे आम्ही शोधत होतो. म्हणजे सोमवारी मुखवटा घट्ट बसवायला शिकायचो आणि गुरुवारी तो सोडवायला.

चार महिन्यांनी एका सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि उतरता येईना. ९ वाजल्यापासून दुपारी १ पर्यंत स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होतो. फोन वाजत होता. उचलला असता तरी तोंडातून शब्द फुटला नसता. शेवटी बायकोला फक्त माझं ठिकाण पाठवलं, ती रिक्षाने आली.

नंतर मी दोघांना मिळून एकच ईमेल लिहिला: "तुमच्यापैकी एकाचं ऐकलं की दुसऱ्याचं मोडतं. कृपया आपसात बोला." सोबत लेखी परवानगी दिली. त्यांचं फोनवर २० मिनिटं बोलणं झालं असेल. कोच स्वतःहून म्हणाला की ऑटिझमबद्दल त्याला पुरेसं माहीत नव्हतं. नजरेचा सराव त्या दिवशी बंद झाला. त्याऐवजी त्याने मॅनेजरशी बोलून तीन गोष्टी मिळवून दिल्या. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी मिळायला लागले, बसायला कोपऱ्यातली जागा मिळाली आणि तोंडी सांगितलेलं काम नंतर चॅटवर लिहून यायला लागलं. मला बदलण्यापेक्षा हे कितीतरी सोपं निघालं.

डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली मांडलेला 'डबल एम्पथी'चा विचार मला थेरपिस्टने समजावून सांगितला होता. ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक माणसांमध्ये गैरसमज होतात ते दोन्हीकडून होतात, एकट्या ऑटिस्टिक माणसाच्या उणिवेमुळे नव्हे. मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. हाच विचार थेरपिस्टने कोचला सांगितला आणि त्याचं काम करण्याचं सगळं वळणच बदललं. मी दहा वेळा सांगून हे झालं नसतं.

---

धनगरवाडा

प्रश्न मनात आहे तो विचारतो, राग नसावा. थेरपिस्टला निदान शिक्षण तरी लागतं. कोच तर कोणीही होतो. दोन दिवसांचा कोर्स केला, इन्स्टाग्रामवर पान उघडलं, झालं. माझ्या भावाने अशा एकाला बरेच पैसे दिले आणि शेवटी हाती "तुझ्यात इच्छाशक्ती कमी आहे" एवढंच आलं. भाऊ त्यानंतर कोणाकडेच जायला तयार नाही. अशा माणसाशी थेरपिस्टने का म्हणून बोलायचं?

---

अंतरंग_नाशिक

धनगरवाडा, राग कशाचा? तुमच्या भावाच्या बाबतीत जे झालं ते फार वाईट झालं.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, १४ वर्षं प्रौढांबरोबर काम करते. तुमचा मुद्दा रास्त आहे. आमची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, १९९२ च्या कायद्याखाली. तक्रार करायची तर नोंदणी क्रमांक असतो, दार असतं. कोचसाठी आपल्या देशात असा परवाना नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनसारख्या संस्था १९९५ पासून प्रशिक्षण आणि आचारसंहिता बघतात, पण सभासद होणं ऐच्छिक आहे. म्हणून कोच निवडताना मी माझ्या लोकांना एकच प्रश्न विचारायला सांगते: "कोणत्या परिस्थितीत तुम्ही मला थांबवून डॉक्टरकडे पाठवाल?" चांगल्या कोचकडे याचं उत्तर तयार असतं. जो म्हणतो "तशी वेळच येणार नाही", त्याच्याकडे जाऊ नका.

तरीही मी कोचबरोबर काम करते, आणि त्याचं कारण सांगते.

एडीएचडीत अडचण माहितीची नसते. काय करायचं ते माणसाला पक्कं ठाऊक असतं, ते त्या जागी त्या वेळी हातून होत नाही. एडीएचडीचे अमेरिकन अभ्यासक रसेल बार्कली वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत की मदत जिथे काम घडतं तिथे पोचायला हवी. माझी खोली नाशिकला कॉलेज रोडवर आहे आणि समोरच्या माणसाचं काम त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अडतं. मी त्या टेबलाशी नसते. कोच फोनवरून का होईना, तिथे असतो.

थेरपीत नुसतं बोलणंच असतं असंही नाही. २०१० साली अमेरिकेत प्रौढांच्या एडीएचडीवर सॅफ्रन आणि सोलँटो यांचे दोन अभ्यास आले. दोन्हींतल्या थेरपीत वेळेचं नियोजन, मोठं काम लहान तुकड्यांत तोडणं अशी कौशल्यं मुद्दाम शिकवली होती. म्हणजे आमच्या आणि कोचच्या शेताला सामाईक बांध आहे. बांध सामाईक असला की बोलावंच लागतं.

आमची एक जुनी चूकही सांगते. सीबीटीचा (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणाऱ्या थेरपीचा) गृहपाठ करून न आलेला माणूस 'बदलायला तयार नाही' असं आम्ही पटकन लिहून मोकळे होतो. मीही लिहिलं आहे. एका गृहस्थांच्या नोंदीत मी तीनदा तसं लिहिलं आणि नंतर त्यांच्या कोचकडून कळलं की गृहपाठाचा कागद ते दर वेळी माझ्या इमारतीखालच्या चहाच्या टपरीवरच विसरत होते. मी तो कागद फोनवर फोटो करून पाठवायला लागले, पुढच्याच आठवड्यापासून गृहपाठ येऊ लागला.

आता रानजाई, तुमच्या प्रश्नाकडे येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. उपचारासाठी दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाला ती देता येते, जिवाला धोका असेल तर सांगता येते, अशा मोजक्या वाटा कायद्याने मोकळ्या ठेवल्या आहेत. कोच हा त्या कायद्याच्या व्याख्येत बसणारा व्यावसायिक नाही. म्हणून तुमची लेखी परवानगी असल्याशिवाय मी कोचला एवढंही सांगणार नाही की तुम्ही माझ्याकडे येता.

ती परवानगी मोघम नको. मी घेते त्यात चार गोष्टी असतात: कोणाशी बोलायचं, कोणत्या विषयावर बोलायचं, किती महिन्यांसाठी, आणि काय अजिबात सांगायचं नाही. शेवटची ओळ मी माणसाला स्वतःच्या हाताने लिहायला लावते. बहुतेक जण तिथे आईवडील किंवा लग्न लिहितात. परवानगी कधीही मागे घेता येते, हेही त्यावर लिहिलेलं असतं.

तुमच्या बाबतीत कोचला प्रगतिपुस्तकाची गोष्ट कळायची गरजच नाही. "रानजाईला खुणा, तक्ते, गुणांकन दाखवू नका, त्याने ती लपवायला लागते" एवढं एक वाक्य तिला कळलं असतं तरी तो दीड महिना वाचला असता.

---

सोबतीण

मी कोच आहे, ठाण्यात. आधी सात वर्षं एचआरमध्ये होते. मला स्वतःला डिस्लेक्सिया आहे, वाचताना-लिहिताना अडखळते.

धनगरवाडा, तुमच्या भावाला जे ऐकावं लागलं त्याबद्दल मला फार वाईट वाटतं. आमच्या क्षेत्रात हे घडतं, नाकारण्यात अर्थ नाही.

रानजाई, तुमच्या कोचचा हिरव्या खुणांचा तक्ता वाचून मला माझीच पहिली दोन वर्षं आठवली. मीही तक्ते द्यायचे, सलग किती दिवस जमलं ते मोजायचे. ज्या दिवशी मोजणी तुटायची त्याच दिवसापासून माणूस माझ्याशी बोलायचा बंद व्हायचा. मला वाटायचं उत्साह संपला. खरं तर त्या माणसाला माझ्यासमोर येण्याची लाज वाटत असायची, आणि ती लाज मीच तयार केली होती. एका थेरपिस्टबाईंनी मला फोनवर सांगितलं, "तिला आधीच आयुष्यभर मार्क मिळत आलेत, तू आणखी देऊ नकोस." त्यानंतर मी मोजणं सोडलं. आता "का नाही झालं?" असंही विचारत नाही, "कुठे थांबलं?" असं विचारते. 'का'ला उत्तर देताना माणूस स्वतःला दोष देतो. 'कुठे'ला उत्तर देताना तो जागा दाखवतो. पाकीट हातात घेण्याआधी थांबलं, उघडताना थांबलं की वाचून झाल्यावर थांबलं? तिन्हींची मदत वेगवेगळी असते. पहिल्या दोन ठिकाणी मी कामाची आहे. पत्र वाचल्यावर छाती भरून येत असेल तर ते काम थेरपिस्टचं आहे.

मी थेरपिस्टला आठवड्याला तीन ओळी पाठवते, त्याहून जास्त नाही. नमुना देते, रानजाईंच्याच उदाहरणाचा:

"ठरलं होतं: शनिवारी पाकिटं. थांबलं: पहिलं पत्र वाचून झाल्यावर. अंगात जाणवलं: हात गार, बोलायची इच्छा गेली."

हे पाठवण्याआधी ज्याचं आहे त्याला दाखवते. तो म्हणाला तिसरी ओळ काढ, तर काढते.

गोळ्यांच्या बाबतीतही या ओळींचा उपयोग होतो. माझ्याकडच्या एका मुलाचं काम रोज चारच्या पुढे कोसळायचं. तो आळस समजून स्वतःला शिव्या द्यायचा. मी तीन आठवड्यांच्या ओळींतली वेळ त्याच्या परवानगीने थेरपिस्टला दाखवली, त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. सकाळच्या गोळीचा परिणाम तेव्हा उतरत होता. पुढचा निर्णय डॉक्टरांनी घेतला. कोचने गोळीबद्दल एक अक्षरही सुचवू नये, हे माझ्या करारातच लिहिलेलं आहे.

आणि थांबायचं कधी? झोप सलग उडाली, जेवण सुटलं, कोणी "मी नसलेलीच बरी" असं काही बोललं, की माझं काम तिथेच थांबतं. त्या दिवशी कामाच्या यादीचं नावही काढत नाही. थेरपिस्टला किंवा डॉक्टरला फोन करते, माणूस घरी एकटा नाही ना ते बघते. रात्री कोणी मिळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. हे सगळं पहिल्याच भेटीत ठरवून ठेवते, कारण ऐन वेळी विचारत बसायला वेळ नसतो.

---

भीमाकाठ

मी ६८ वर्षांचा आहे. हे एडीएचडी वगैरे शब्द मला नातवामुळे माहीत झाले. धागा वाचायला घेतला तेव्हा मनात हेच होतं की आमच्या वेळी असं काही नव्हतं. वाचून झाल्यावर एक गृहस्थ आठवले.

आमच्या ऑफिसात ते लिपिक होते. बारनिशीचं, म्हणजे आल्या-गेल्या कागदांच्या नोंदीचं, रजिस्टर कायम आठ दिवस मागे. टिपणी अर्धी लिहून उठायचे. पण साहेबांना १५ वर्षांपूर्वीचा एखादा कागद हवा झाला की सगळे त्यांच्याकडे धावायचे. कोणती नस्ती, कुठल्या कपाटात, कितव्या खणात, तोंडपाठ. आमचे हेडक्लार्क रोज दुपारी ३ वाजता आपली खुर्ची उचलून त्यांच्या टेबलाशेजारी नेऊन ठेवायचे. काही बोलायचे नाहीत, आपली नस्ती वाचत बसायचे. ५ वाजेपर्यंत रजिस्टर पूर्ण व्हायचं. आम्ही म्हणायचो, भाऊसाहेब पहारा देतात.

भाऊसाहेबांची बदली झाली. सहा महिन्यांत त्या गृहस्थांना दोन मेमो मिळाले. बोलणं कमी झालं, डबाही परत न्यायला लागले. वर्षभरात स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. पुढे कुठे गेले, मला माहीत नाही.

शेजारी बसणारा माणूस त्यांना मिळाला होता. आत काय चाललंय हे विचारणारा मिळाला नाही, आणि मीही विचारलं नाही. चार टेबलं सोडून बसत होतो.

---

सोबतीण

काका, भाऊसाहेब जे करत होते त्याला आम्ही बॉडी डबलिंग म्हणतो आणि त्यासाठी वेगळं सेशन ठेवतो. एडीएचडी असलेल्या कित्येकांना नुसतं शेजारी कोणी शांतपणे स्वतःचं काम करत बसलं तरी हात चालू होतो. त्यांना हे कोणी न शिकवता उमगलं होतं. लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

टेम्सतीर (रेडिंग, इंग्लंड)

इकडचा अनुभव लिहिते. मी इथे हॉस्पिटलमध्ये हिशेबाच्या विभागात आहे, एडीएचडी आणि ऑटिझम दोन्ही. (२०१३ पर्यंत अमेरिकन नियमावलीनुसार ही दोन्ही निदानं एकाच माणसाला देता येत नव्हती. तिच्या नव्या आवृत्तीने, डीएसएम-५ ने, ती परवानगी दिली. माझ्या वयाच्या कितीतरी बायकांना त्यामुळे अर्धंच उत्तर मिळालेलं आहे.)

इथे 'अ‍ॅक्सेस टू वर्क' नावाची सरकारी योजना आहे. अपंगत्वामुळे किंवा आरोग्यामुळे नोकरीत अडचण येत असेल तर त्यातून मदतीचा खर्च मिळतो, आणि त्यात कोचिंगही बसतं. माझ्या कोचचे पैसे त्यातूनच आले. पैसे नोकरीसाठी मिळत असल्यामुळे कोचचं काम आपोआप नोकरीपुरतं राहिलं. महिनाअखेरचे हिशेब, ईमेल, गोंगाट. आईच्या आजारपणाचं आणि भारतात न जाता आल्याचं दुःख मी थेरपिस्टकडे नेत होते. हद्द स्पष्ट असल्याने मला बरं पडलं.

एका ठिकाणी मात्र हद्दीनेच अडवलं. दर गणपतीत माझं काम ढेपाळायचं. कोचला वाटायचं सप्टेंबरमध्ये कामाचा ताण वाढतो, म्हणून ती यादी आणखी बारीक करून द्यायची. थेरपिस्टला कारण माहीत होतं, पण तिला कामाचं माहीत नव्हतं. दोन वर्षं असं गेल्यावर मीच दोघींना सांगितलं. तेव्हापासून त्या आठवड्यात कोच नवीन काही सुरू करत नाही. आम्ही फक्त आहे ते सांभाळतो, आणि थेरपीचं एक सेशन जास्तीचं असतं.

आपल्याकडे नोकरीत सवलत मागताना कायद्याचा आधार काय आहे? कोणी सांगाल का?

---

अंतरंग_नाशिक

थोडक्यात सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं नाव त्या यादीत नाही, आणि याचा मला रोज त्रास होतो, कारण माणसाची अडचण खरी असते पण दाखवायला कागद नसतो. सरकारी नोकरीत योग्य त्या सोयी देण्याचं बंधन कलम २० मध्ये आहे. खासगी ठिकाणी बरंचसं मॅनेजरच्या समजुतीवर चालतं. तिथे कोच फार उपयोगी पडतो, विशेषतः सोबतीणताईंसारखा एचआरमधून आलेला. मी निदानाचं पत्र देऊ शकते. पण त्या पत्रातलं काय ऑफिसला दाखवायचं, काय नाही, आणि निदान न सांगताच सोय मागता येईल का, हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं. पाऊलवाट यांना मिळालेल्या तिन्ही सोयींना एक रुपयाचा खर्च नव्हता.

---

मधली_सुट्टी

कोल्हापूरहून लिहितेय. सगळं पटलं, पण थेरपीचे एका वेळचे बाराशे आणि कोचचे हजार, असं दर आठवड्याला कुठून आणायचं? मी ग्रंथालयात आहे, पगार तेवढा नाही. माझ्या विम्यात नुसत्या भेटींचे पैसे मिळत नाहीत. दोघांतलं एकच परवडत असेल तर आधी कोण?

---

अंतरंग_नाशिक

मन खूप खालावलेलं असेल, भीतीचे झटके येत असतील, जुनं काही वर येत असेल तर आधी थेरपी, त्यात दुसरा विचार नको. मन बऱ्यापैकी स्थिर आहे आणि फक्त रोजचं गाडं अडतंय, तर थेरपी महिन्याला एक ठेवून कोच घेतला तरी चालतं. आणि कोच परवडतच नसेल तर थेरपिस्टला स्पष्ट सांगा की सेशनमधली शेवटची १५ मिनिटं मला पुढच्या आठवड्याच्या एकाच कामासाठी हवीत. मागितलं की बहुतेक जण देतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे डॉक्टरांची फी नाममात्र असते.

शेजारी बसण्याचं काम मैत्रीणही करू शकते. तिला फक्त एवढं सांगून ठेवायचं की सल्ला द्यायचा नाही आणि झालं का म्हणून विचारायचं नाही.

---

मधली_सुट्टी

शेवटची १५ मिनिटं हे कधी सुचलंच नव्हतं. मंगळवारी विचारते. शेजारी बसायला ग्रंथालयातल्याच एक ताई आहेत, त्यांनाही सांगून बघते.

---

धनगरवाडा

सोबतीणताई, अंतरंगताई, मनापासून आभार. भावाला धागा वाचायला दिला. काही बोलला नाही. पण भीमाकाठ काकांचा प्रतिसाद त्याने स्वतःच्या फोनवर पाठवून घेतला.

---

रानजाई (पुणे)

पाच आठवड्यांनी परत येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद थेरपिस्टला दाखवले. तिने अंतरंगताईंसारखाच परवानगीचा कागद केला. 'काय अजिबात सांगायचं नाही' या ओळीत मी "बाबा" एवढंच लिहिलं.

मग आम्ही तिघी व्हिडिओवर ४० मिनिटं भेटलो. सुरुवातीला मी कोचला सांगितलं की ते "तीन झाली" खोटं होतं. पोटात गोळा आला होता. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळायला हवं होतं, मी पुढची यादी द्यायच्या घाईत होते." तक्ता तिने माझ्यासमोरच फाडला.

ठरलं ते असं. शनिवारी ११ वाजता कोच व्हिडिओवर येते, बोलत नाही. मी पाकीट उघडते, पण वाचत नाही. फक्त वेगळं करायचं: बिल, पत्र, जाहिरात. जे वाचायला भीती वाटेल ते एक पाकीट बाजूला काढून बुधवारी थेरपीला न्यायचं आणि तिथे दोघींनी मिळून वाचायचं. आयकराचं जाड पाकीट मी असं नेलं. थेरपिस्टने आधी पाणी दिलं, मग मी ते उघडलं. आत दोन वर्षांपूर्वीच्या परताव्याची सूचना होती. पैसे मला यायचे होते, खातं चुकीचं पडलं होतं. दोघी किती वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो.

बंद पडलेल्या पॉलिसीसाठी कोचने माझ्याबरोबर फोन लावला. थकलेले हप्ते आणि दंड भरून ती पुन्हा चालू करता येते असं कळलं. आता फॉर्म भरतेय, अर्धा झालाय.

एका शनिवारी काहीच जमलं नाही. कोचने "कुठे थांबलं?" असं विचारलं. म्हटलं, खण उघडण्याआधीच. म्हणून पिशवी आता खणात नसते, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर असते. नवऱ्याने आधी तोंड वाकडं केलं, पण परवा स्वतःच तिच्या शेजारी कात्री ठेवून गेला.

कोच त्या तासात स्क्रीनवर मेथी निवडत बसते. मला ती काड्या मोडल्याचा आवाज ऐकू येतो.

पाऊलवाट, तुम्ही दोघांना पाठवलेला तो ईमेल मला व्यक्तिगत निरोपात द्याल का? तुमचं जे लपवायचं असेल ते झाकून द्या. माझ्या थेरपिस्टकडे आणखी एक जण तुमच्यासारख्याच पेचात आहे, आणि त्याला पहिलं वाक्य सुचत नाहीये.